स्वतःच्या गोष्टीतून नेतृत्व घडवताना

केनियात १९७७ साली वृक्षलागवडीची चळवळ उभी करणाऱ्या वांगारी माथाई यांनी २००४ चा नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना आपल्या बालपणीच्या, पुढे आटून गेलेल्या ओढ्याविषयी सांगितले, आणि चळवळीचे कारण त्यातूनच उलगडले. कोल्हापुरात महाविद्यालयीन तरुणींचे शिबिर घेताना प्रत्येकीला असाच एक प्रसंग निवडू द्यावा. राधानगरीहून येणाऱ्या मुलीचे प्रात्यक्षिकाचे तास एसटीच्या वेळेमुळे बुडत असतील, तर तिने केवळ अडचण न सांगता आगारात अर्ज घेऊन गेल्याचा क्षण सविस्तर सांगावा, कारण ऐकणारीला स्वतःचे धैर्य तिथेच सापडते. त्यानंतर हा प्रश्न आणखी कोणाचा आहे ते सांगून सह्यांची मागणी करावी. दुःख उघड करण्याची सक्ती मात्र कोणावरही कधीच करू नये.