श्रीलंकेत आयुर्वेद उपचार आणि वन्यजीव दर्शन एकाच सहलीत : या चुका टाळा

मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांत पोहोचता येणाऱ्या श्रीलंकेत दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी जवळ नांदतात. बेरुवल आणि बेन्तोट परिसरातील किनाऱ्यावर वैद्यांच्या देखरेखीखाली चालणारी आयुर्वेद केंद्रे आहेत आणि तिथून काही तासांच्या अंतरावर बिबटे, हत्ती आणि अस्वले असलेली अभयारण्ये आहेत. त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत विश्रांती आणि जंगल ही दोन्ही सुखे मिळतील, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते खरेही आहे. मात्र ही दोन सुखे कोणत्या क्रमाने घ्यायची, याचा विचार बहुतेक जण विमानाची तिकिटे काढून झाल्यावर करतात आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

माझ्या पहिल्या सहलीत मी सकाळी शिरोधारा (कपाळावर सोडली जाणारी कोमट तेलाची संतत धार) घेतली आणि दुपारी जीपमधून आग्नेयेकडच्या याला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात गेलो. केसांत तिळाचे तेल मुरलेले होते, कोरड्या हंगामातील लाल धूळ त्यावर थराने बसली आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या जीपच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर डोके अधिकच जड होत गेले. त्या संध्याकाळी पाणवठ्यावर बिबट्या आला होता. तो मी पाहिला, पण दुखणाऱ्या कपाळावर हात धरून पाहिला, याची खंत आजही वाटते.

उपचार आधी आणि जंगल नंतर, ही सर्वांत मोठी चूक

पंचकर्मानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, शरीर पूर्ववत होईपर्यंत कोणत्या गोष्टी वर्ज्य कराव्यात, हे चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात स्पष्ट सांगितले आहे. मोठ्याने बोलणे, फार चालणे, फार वेळ एकाच जागी बसणे, अपथ्य आणि दिवसा झोपणे यांच्याबरोबरच त्या यादीत ‘रथक्षोभ’ हा शब्द येतो. रथक्षोभ म्हणजे वाहनाचे हादरे. सफारीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणला, तर ही जवळजवळ संपूर्ण यादी त्यात सापडते. पहाटे साडेचारला उठायचे, तीन-चार तास जीपमध्ये अवघडून बसायचे, कच्च्या रस्त्याचे धक्के सोसायचे, उशिरा न्याहारी करायची आणि जागरणामुळे दुपारी गाढ झोपायचे, हा त्या दिवसाचा क्रम असतो. ज्या शरीराला वैद्याने नुकतेच स्नेहन (तेल-तूप) आणि स्वेदन (घाम आणणारा शेक) देऊन मऊ केले आहे, त्याच्यावर हा भार टाकणे म्हणजे उपचारांचे पैसे आणि परिणाम दोन्ही वाया घालवणे होय.

म्हणून जंगल आधी ठेवावे. नऊ दिवसांची सहल असेल, तर पहिले चार दिवस अभयारण्यांसाठी ठेवून उरलेले दिवस एकाच ठिकाणी, समुद्राजवळ, उपचारांसाठी द्यावेत. जंगलात अंग आंबते, पाठ दुखते, त्वचा रापते आणि त्यानंतर अभ्यंगाचा, म्हणजे तेलमालिशीचा, खरा लाभ होतो. येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. संपूर्ण पंचकर्म दोन ते तीन आठवड्यांचे असते. त्यात शोधनापूर्वीची (शरीरशुद्धीपूर्वीची) तयारी आणि शोधनानंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे येणे, या दोन्हींना वेळ द्यावा लागतो. पाच दिवसांत वमन (औषधाने उलटी) किंवा विरेचन (औषधाने जुलाब) ‘करून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. इतक्या दिवसांत अभ्यंग, बाष्पस्वेद आणि शेवटच्या टप्प्यात शिरोधारा एवढे पुरेसे असते.

केंद्र निवडताना स्पाच्या छायाचित्रांपेक्षा एकाच प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे मानावे : पहिल्या दिवशी नोंदणीकृत वैद्य नाडी, रक्तदाब आणि आधीची औषधे तपासतात का? श्रीलंकेत 1961 च्या आयुर्वेद कायद्यानुसार वैद्यांची नोंदणी होते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या किंवा गर्भवती असलेल्या व्यक्तीने ती माहिती स्वतःहून द्यावी.

चूक होऊन गेली असेल, म्हणजे सकाळी शिरोधारा झाली आणि दुपारची जीप ठरलेली असेल, तर सफारी दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचा प्रयत्न करावा. ते शक्य नसेल, तर मुगाच्या पिठाने आणि कोमट पाण्याने केस धुऊन पूर्ण कोरडे करावेत, डोके सुती कापडाने बांधून घ्यावे आणि जीपच्या मागच्या बाकावर न बसता मधल्या बाकावर बसावे, कारण मागच्या चाकांच्या वरच्या जागेवर हादरे सर्वाधिक जाणवतात.

एकाच बेटावरचे दोन पावसाळे

आपल्याकडच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत येतात, आणि श्रीलंकेचे हवामान या दोन्ही वेळी कसोटी पाहते. नैऋत्य मोसमी पाऊस मेच्या उत्तरार्धात बेन्तोट, गॉल आणि मिरिस्सा या किनाऱ्यांवर येतो आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला राहतो. याच काळात पूर्वेकडचा त्रिंकोमाली किनारा मात्र शांत असतो. ईशान्य मोसमी पावसात हे चित्र उलटे होते. दिवाळीच्या सुमारास दोन्ही पावसांमधला संधिकाळ असल्याने संध्याकाळी विजांसह सरी कोसळणे नेहमीचे आहे.

याचा अर्थ मे महिन्यात जाऊ नये असा नाही. वैद्यांच्या दृष्टीने पावसाळी, दमट हवा स्नेहनाला प्रतिकूल नसते आणि कोरड्या पट्ट्यातील यालामध्ये मे ते जुलै या काळात पाणवठे आटत जाऊन प्राणी अधिक सहज दिसतात. केवळ मिरिस्साच्या देवमाशांची आशा त्या सहलीत धरू नये. त्यांचा दक्षिण किनाऱ्यावरचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. यालाचा पहिला विभाग साधारणपणे सप्टेंबरच्या प्रारंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवला जातो, हे गणपतीनंतरच्या सुट्टीत जाणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहत नाही. त्यांनी मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानाकडे वळावे. राजा महासेन याने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या तेथील जलाशयाचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओसरते आणि उघड्या पडलेल्या ओल्या गवतावर हत्तींचे कळप मोठ्या संख्येने उतरतात. पाणी खाली गेलेले नसेल, तर हत्ती जवळच्याच कौडुल्ला उद्यानात असण्याची शक्यता असते. त्यामुळे उद्यान आदल्या दिवशी आगाऊ ठरवण्याऐवजी त्याच दुपारी स्थानिक जीपचालकाला विचारून ठरवावे.

आणखी एक तारीख पाहावी, ती पौर्णिमेची. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते आणि देवळे, रस्ते, अभयारण्ये सगळीकडे गर्दी होते. उपचारांच्या विश्रांतीसाठी हा दिवस उत्तम, सफारीसाठी टाळण्याजोगा.

बिबट्यामागे धावणे

यालाचे क्षेत्र सुमारे 979 चौरस किलोमीटर असले, तरी बहुतेक पर्यटक फक्त पहिल्या विभागात फिरतात. या विभागात बिबटे खरोखरच भरपूर आहेत आणि श्रीलंकेत वाघ वा सिंह नसल्याने येथला बिबट्या अन्नसाखळीच्या शिखरावर आहे. तो ताडोबाच्या बिबट्याइतका लपून राहत नाही, हेही खरे. परंतु याच कारणामुळे एका जीपचालकाला तो दिसला की फोन फिरतात आणि काही मिनिटांत तिथे जीपची रांग लागते. या धावपळीत पर्यटकाला मिळते ती धूळ आणि झाडामागची ठिपकेदार शेपटी.

सकाळी निघतानाच चालकाला सांगावे, की दुसऱ्या जीपच्या मागे जायचे नाही, एका पाणवठ्यावर अर्धा तास इंजिन बंद करून थांबायचे आहे. मोर, मगरी, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, अस्वस्थ होऊन कान टवकारणारी चितळे, हे सारे त्या अर्ध्या तासात दिसते आणि चितळाची धोक्याची हाक आली, तर बिबट्याही जवळपास असण्याची शक्यता असते. ज्यांना गर्दी सहन होत नाही, त्यांनी वायव्येकडचे विल्पत्तू निवडावे. त्याचे क्षेत्र 1,300 चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि ‘विल्लू’ नावाच्या नैसर्गिक तळ्यांमुळे तिथले दृश्य मोकळे असते. प्राणी कमी वेळा दिसतात, पण दिसतात तेव्हा आपण एकटे असतो. विश्रांतीसाठी आलेल्या माणसाला मी यालाऐवजी हेच सुचवीन.

सफारीच्या दिवशी गवती चहा वा दालचिनीच्या उग्र सुगंधाची तेले अंगाला लावू नयेत. हत्तीचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते आणि अनोळखी वासांचा लोट घेऊन त्यांच्या जवळ जाणे योग्य नाही. शिवाय तेलकट त्वचेवर डासप्रतिबंधक मलम नीट टिकत नाही. श्रीलंका 2016 मध्ये मलेरियामुक्त म्हणून घोषित झाली, पण डेंग्यू तिथे आहे आणि त्याचे डास दिवसा चावतात.

समुद्रावर रिकाम्या वा भरल्या पोटी जाणे

मिरिस्साच्या बंदरातून पहाटे निघणाऱ्या बोटींवरून निळा देवमासा दिसू शकतो. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ इतका सहज दिसतो, याचे कारण येथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. पण ज्याच्या पोटात आदल्या रात्रीचे तूप वा औषधी काढा आहे, त्याच्यासाठी हा प्रवास कठीण असतो. उपचारांच्या दिवसांत बोट टाळावी. आधीच्या टप्प्यात जात असाल, तर मळमळीची गोळी निघण्यापूर्वी किमान एक तास घ्यावी, सोबत कोरडी बिस्किटे आणि आल्याचा तुकडा ठेवावा, आणि त्रास सुरू झाल्यास भ्रमणध्वनीकडे न पाहता क्षितिजाकडे पाहत बोटीच्या मध्यभागी उभे राहावे. बोट देवमाशापासून 100 मीटरपेक्षा जवळ जाऊ लागली, तर नावाड्याला थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो वापरावा.

स्पर्शाला दर्शन समजणे

काही निवासांच्या जाहिरातीत हत्तीला आंघोळ घालण्याचा कार्यक्रम आयुर्वेद स्नानाच्या शेजारी छापलेला असतो. तो हत्ती साखळीत वाढलेला असतो, त्याला वन्यजीव म्हणता येत नाही. त्याऐवजी उडवलवे येथील अनाथ हत्तींच्या संक्रमण केंद्रात जावे. 1995 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात पिलांना दूध पाजण्याच्या वेळी लोकांना ठरावीक अंतरावरून पाहू देतात, हात लावू देत नाहीत आणि मोठी झालेली पिले जंगलात सोडतात. उडवलवेच्या रस्त्यालगत विजेच्या कुंपणापलीकडे उभ्या राहणाऱ्या हत्तींना फळे देण्याची पद्धत पडली आहे. ती आपल्या हातून पुढे चालू नये.

कासवांच्या बाबतीत हीच चूक अधिक गोंडस वाटते. किनाऱ्यावरील अंडी उबवणाऱ्या काही केंद्रांत पिले टाकीत ठेवून पर्यटकांच्या हातात देतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाजवळ समुद्रात दूर पोहून जाण्याची जी पहिली शक्ती असते, ती टाकीत संपून जाते. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले पिले वाळूवर सोडली जातात आणि स्वतः चालत लाटांपर्यंत जातात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना फरक सांगावा लागणार नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या रेकव येथे रात्री समुद्राबाहेर येणारी कासवाची मादी पाहता येते. तिथे पांढरा उजेड आणि फ्लॅश बंद ठेवावा, आणि दोन-तीन तास वाट पाहण्याची तयारी ठेवावी. म्हणूनच रेकवची रात्र आणि सकाळचा उपचार एकत्र ठेवू नये.

जळवा आणि उन्हाने पोळलेली त्वचा

सिंहराजाच्या वर्षावनात जळवा हमखास लागतात. जळू ओढून काढू नये, नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे आणि जखम स्वच्छ धुवावी. रक्त थोडा वेळ वाहत राहते, कारण तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते. जखम किंवा उन्हाने पोळलेली त्वचा असेल, तर मालिशीपूर्वी वैद्याला अवश्य दाखवावी आणि त्या भागावर तेल चोळू देऊ नये.

विमानाच्या वेळेमुळे उपचारच आधी घ्यावे लागले आणि शेवटच्या दोन दिवसांत काही पाहायचेच असेल, तर जीपचा आग्रह सोडावा. बेन्तोटहून दक्षिणेकडे थोड्याच अंतरावर असलेल्या बालपिटियाजवळच्या मादू गंगेत पहाटे होडीने फिरावे. खारफुटीच्या बोगद्यांतून जाताना घोरपडी, खंड्या आणि पाणकावळे अगदी जवळ दिसतात. वाटेत कोणी मगरीचे पिलू हातात घेऊन फोटो काढायला सांगितले, तर नकार द्यावा आणि नावाड्याला एवढेच सांगावे, की अरुंद पाण्यात इंजिन बंद करून वल्ह्याने पुढे न्यावे.