ॲक्सेसमध्ये लिंक टेबल कोडने रिफ्रेश करताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली, की जिनिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामचे फॉर्म प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर, डेटाची फाईल ऑफिसातल्या एका मशीनवर आणि तिच्यातली टेबलं फॉर्मला जोडणारी मधली लिंक तुटलेली. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कोडच्या डोक्यावर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) लिहून मोकळं होणं. यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये कोणीतरी असाच उचललेला कोड चिकटवला होता. लाईट जाऊन आली आणि काट्यावरच्या कॉम्प्युटरला झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरचं डेटाचं फोल्डर) जोडलाच गेला नाही. रिफ्रेशलिंक, म्हणजे लिंक नव्याने जोडणारी आज्ञा, फसलं, एरर गिळली गेली, स्क्रीनवर 'सर्व टेबलं जोडली' असा मेसेज आला. लिंक मात्र चाचणीसाठी केलेल्या डी ड्राइव्हवरच्या प्रतीलाच राहिली. दिवसभराची वजनं त्या प्रतीत पडली. संध्याकाळी शेतकरी काटापट्टी घेऊन चुकाऱ्यासाठी खिडकीपाशी उभे आणि आतून उत्तर, "काका, तुमची गाडी त आलीच नाही." घाम गाळून पिकवलेला कापूस देऊन बसलेल्या माणसाला हे ऐकावं लागू नये. रात्री कागदी पट्ट्यांवरून एकेक नोंद जुळवावी लागली.

मी आधी डीआयआर फंक्शनने फाईल जागेवर आहे का ते बघतो. एरर आली, की टेबलाचं नाव आणि नंबर दाखवून तिथंच थांबतो: 3024 म्हणजे फाईल सापडली नाही, 3044 म्हणजे पाथ चुकीचा, 3011 म्हणजे फाईलमध्ये ते टेबलच नाही. शेवटी प्रत्येक टेबलाचं कनेक्ट, म्हणजे ते कुठल्या फाईलला जोडलंय हे सांगणारी ओळ, पुन्हा वाचतो. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

झेड, वाय असली अक्षरं कोडमध्ये नकोतच. दोन बॅकस्लॅशपासून सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता लिहा.

कनेक्ट बदलून रिफ्रेशलिंक न बोलावणारे तर रोज भेटतात.

सगळ्या टेबलांना एकच कनेक्ट देऊ नका. ज्याचं कनेक्ट रिकामं, ते टेबल लोकल, म्हणजे फॉर्मच्याच फाईलमधलं. त्याला हात लावायचा नाही. एक्सेलच्या लिंकचं कनेक्ट 'एक्सेल' शब्दाने सुरू होतं, ते वेगळं हाताळा.

आणि दुसऱ्याने टाकलेली नवी नोंद दिसत नाही म्हणून लिंक रिफ्रेश करत बसू नका. उतावळी पोरं हेच करतात. डेटाच्या फाईलमध्ये नवा कॉलम टाकला तर रिफ्रेशलिंक लागतं. नव्या नोंदीसाठी फॉर्मला रिक्वेरी (डेटा पुन्हा वाचायची आज्ञा) द्या.