हूकटेल चतुर बघायला नदीवर जाताय? या चुका टाळा

पिवळा-काळा चतुर दिसला की लोक लगेच क्लबटेल (चतुराचीच दुसरी एक जात) म्हणून मोकळे होतात. सोबतचा फोटो लांबून काढलेला, फक्त वरून, शेपटीचं टोक धूसर, आणि अॅपने नाव सुचवलं म्हणून तेच फायनल. असं नका करू हो. कॉमन हूकटेल, म्हणजे पॅरागोम्फस लिनिएटस, जेमतेम ५ सेंटीमीटरचा असतो, तर कॉमन क्लबटेल चांगलाच मोठा आणि दणकट. हूकटेलचे निळसर राखाडी डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये फट असते, पण हे क्लबटेललाही लागू आहे त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. नराच्या शेपटीच्या टोकाला गळासारखे खाली वळलेले आकडे असतात, ते बाजूनेच नीट दिसतात, म्हणून मी आधी बाजूचा फोटो घेते आणि मगच वरचा. मादीला हे आकडे नसतात, तिथे घाई केलीत तर हमखास फसाल.

दुसरी चूक मला अजिबात सहन होत नाही. हूकटेलची पिल्लं नदीच्या वाळूत पुरून राहतात आणि पूर्ण वाढली की पाण्याच्या कडेलाच, कधी दगडावर तर कधी सपाट वाळूवर, कात टाकून बाहेर पडतात. एकदा आमच्यासोबत आलेल्या एका हौशी माणसाने नुकताच बाहेर आलेला, पंख अजून काचेसारखे चमकत असलेला चतुर मॅक्रो म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोसाठी चिमटीत उचलला, आम्ही ओरडेपर्यंत एक पंख मुडपला होता आणि एकदा मुडपलेला ओला पंख परत सरळ होत नाही. तो चतुर उडालाच नाही. एका फोटोसाठी! चमकणारे पंख आणि फिकट रंग दिसले की हात मागे, आणि ओल्या कडेवरून चालताना आधी खाली बघा.

एक चतुर उडताना दिसला म्हणून 'इथे प्रजनन होतं' असं लिहू नका, कात शोधा. काठावर हिरवळ आहे म्हणून नदी चांगली असंही नाही, वाळू उपसली की पिल्लंही तिच्यासोबत गेली.

गार सकाळी उडणारे चतुर शोधत बसू नका, ऊन चढू द्या. आणि कडक उन्हात हा शेपूट आभाळाकडे करून बसला तर आजारी समजून हलवू नका, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून तो तसा बसतो. तेव्हाच आकडे सगळ्यात स्वच्छ दिसतात, फक्त सावली त्याच्यावर पाडू नका, लगेच उडतो.