मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठात इंग्रजी भाषेचा अभ्यास कसा करावा

बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय घेणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या डोळ्यांसमोर कविता, नाटक आणि कादंबरी असते. ध्वनिविचार, शब्दरचना, वाक्यरचना आणि इंग्रजीचा इतिहास हा भाषेचा भाग आला, की ती गाइड उघडतात आणि व्याख्या पाठ करू लागतात. मीही वर्षभर तेच केले. स्वनिमाची, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या ध्वनीची, व्याख्या तोंडपाठ होती, परंतु परीक्षेत एका साध्या शब्दाचे ध्वनिलेखन, म्हणजे त्याचा उच्चार ध्वनिचिन्हांत लिहून, करायला सांगितले तेव्हा त्या व्याख्येचा काहीही उपयोग झाला नाही. हा विषय कानाचा आणि निरीक्षणाचा आहे, आणि मराठी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यापाशी त्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री आधीपासूनच असते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून सुरुवात मराठीपासून करा. 'हे जग मोठे आहे' आणि 'तू शंभर वर्षे जग' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणा. लिहिताना अक्षर एकच असले तरी दोन्हींतला 'ज' वेगळा आहे आणि त्या फरकावर अर्थ अवलंबून आहे. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, हा समज येथेच दूर होतो आणि लिपी व ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिले सूत्र हाती लागते. इंग्रजीत तर अक्षरे 26 आणि पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जाणाऱ्या ब्रिटिश प्रमाण उच्चारात ध्वनी 44, म्हणजे 24 व्यंजने आणि 20 स्वर आहेत.

आता कागदाची एक अरुंद पट्टी ओठांसमोर धरा आणि 'पळ' म्हणा. पट्टी जवळजवळ हलत नाही. ओठ पूर्ण मिटून 'फळ' म्हटले की ती फडफडते, कारण 'फ' महाप्राण आहे, म्हणजे तो उच्चारताना श्वास जोराने बाहेर पडतो. इंग्लंडमधील माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा ती पट्टी हलते, आणि 'स्पिन' म्हणतो तेव्हा स्थिर राहते. त्याच्या कानाला मात्र दोन्ही ठिकाणी एकच 'प' ऐकू येतो, कारण त्या फरकाने इंग्रजीत शब्दाचा अर्थ बदलत नाही. मराठीत तो बदलतो. अर्थ बदलणारा ध्वनी तो स्वनिम, आणि अर्थ न बदलणारे त्याचे वेगळे उच्चाररूप ते स्वनांतर, या दोहोंतील भेद एवढाच आहे, आणि ज्याने ही पट्टी एकदा हलताना पाहिली त्याला तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

ओला या अर्थाचा 'वेट' आणि पशुवैद्य या अर्थाचा 'व्हेट' हे शब्द आरशासमोर म्हणून पाहा. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, आणि आपला मराठी 'व' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. येथे ब्रिटिश माणसाची नक्कल करणे हा हेतू नाही. भारतीय इंग्रजीचे उच्चार हाही भाषाविज्ञानाच्या अभ्यासाचा रीतसर विषय आहे. परंतु आपण काय उच्चारतो हे नेमके सांगता आले पाहिजे.

रोज पाच शब्दांचे ध्वनिलेखन करा. आधी स्वतः लिहा, मग उच्चार देणाऱ्या चांगल्या शब्दकोशात पडताळा आणि चूक त्याच ओळीत नोंदवा. आघाताकडे, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर पडणाऱ्या जोराकडे, विशेष लक्ष द्या, कारण मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, इंग्रजीत मात्र नाम म्हणून 'रेकॉर्ड' आणि क्रियापद म्हणून 'रिकॉर्ड' हा फरक पहिला स्वर बदलून आणि आघात पुढे सरकवून होतो.

व्याकरणासाठी वेगळी वही ठेवा आणि तीत प्रत्येक चुकीशेजारी ती ज्या मराठी वाक्यातून आली ते वाक्य लिहा. 'काल मी सातारला गेलो होतो' याचे आपण सहज 'आय हॅड गॉन' असे करतो. मराठीतील 'गेलो होतो' यात जाऊन परत आल्याचा भाव असतो. इंग्रजीतील ती रचना भूतकाळातील एका घटनेच्याही आधीची घटना सांगते, म्हणून नुसत्या 'काल'साठी 'आय वेंट' पुरते. चुकीचे कारण असे सापडले की ती चूक टिकत नाही.

इतिहासाचा भाग सनावळ्यांच्या ओझ्याने कंटाळवाणा होतो, तो स्पेलिंगपासून वाचावा. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधील पहिले 'के' अक्षर एके काळी उच्चारले जात होते. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली, त्यापुढील काळात स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले आणि उच्चार मात्र बदलतच राहिले. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना येथे मोठा लाभ आहे: पितृ, पाद, त्रि आणि फादर, फुट, थ्री हे शब्द शेजारी लिहिले, की 1822 मध्ये याकोब ग्रिम या जर्मन भाषाअभ्यासकाने मांडलेला ध्वनिनियम, म्हणजे 'प'च्या जागी 'फ' आणि 'त'च्या जागी 'थ' येण्यासारखा नियमित बदल, स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश असेल तर त्यातील नोंदी अवश्य चाळा. त्यात शब्दाचा जुना वापर सालासह दिलेला असतो, आणि इंग्रजीतील 'मंगूस' हा आपल्या 'मुंगूस'चाच प्रवास आहे हे तेथे पाहताना झालेला आनंद मला अजून आठवतो.

पुढे भाषेचाच अभ्यास करायचा असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञान विभाग आणि 1958 मध्ये सुरू झालेली हैदराबादची संस्था, जी आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते, या दोन्ही ठिकाणांची प्रवेशप्रक्रिया पदवीच्या शेवटच्या वर्षीच समजून घ्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय लहान निवडावा. इंग्रजी शब्द मराठीत आल्यावर त्यांना लिंग कसे मिळते, हा एक चांगला विषय आहे: 'ती बस', 'तो फोन', 'ते तिकीट'. घरातील आजी, रिक्षास्टँडवरील चालक आणि वर्गमित्र यांच्याकडून त्यांच्या संमतीने अर्धा-अर्धा तास बोलणे ध्वनिमुद्रित करा, त्यातील इंग्रजी शब्द विशेषणासह आणि क्रियापदासह जसेच्या तसे उतरवा, आणि ज्या शब्दांच्या लिंगाबाबत दोन व्यक्तींचे एकमत नाही ते वेगळ्या पानावर काढा. प्रकल्पाचे मुख्य प्रकरण त्याच पानावरून लिहायला घ्या.