प्रोटीन डीएनएवर बसलं म्हणून जीन चालू होत नाही (माझे आठ महिने गेले यात)

जीन रेग्युलेशनच्या लॅबमध्ये नुकतेच लागला असाल आणि हातात एखाद्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा (जीन चालू-बंद करणारं प्रोटीन) चिप-सेक डेटा (ते प्रोटीन जिनोमवर कुठे कुठे बसलंय त्याचा नकाशा) पडला असेल तर आधी हे वाचा.

प्रमोटर, एन्हान्सर, रिप्रेसर हे सगळं येतंय असं धरते. लॅक ओपेरॉन तर आपण सगळ्यांनीच घोकलाय, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. जेकब आणि मोनो यांनी 1961 साली मांडलेलं ते चित्र इतकं देखणं आहे ना, रिप्रेसर ऑपरेटरवर बसला की जीन बंद, उठला की चालू, की आपण ते बॅक्टेरियातून उचलून माणसाच्या पेशीवर जसंच्या तसं डकवतो.

मी तेच केलं. एका जीनच्या प्रमोटरवर माझ्या प्रोटीनचा असा उंच पीक (peak, म्हणजे तिथे प्रोटीन बसल्याचा सिग्नल) होता की बघतच राहावं. गाईड म्हणाले, "मस्त, हेच आपलं टार्गेट." मग तो तुकडा क्लोन केला, लुसिफरेज (प्रकाश देणारा रिपोर्टर जीन) लावलं, सिग्नल वाढला, मोटिफ (प्रोटीन ज्यावर बसतं तो डीएनएचा छोटा क्रम) म्युटेट केला, सिग्नल पडला, मी हवेत. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे जे पहिल्या महिन्यात करायला हवं होतं ते, एसआयआरएनएने (ठरावीक प्रोटीन बनणं रोखणारा छोटा आरएनए) प्रोटीन कमी केलं, म्हणजे नॉकडाऊन केलं, तर त्या जीनचा आरएनए जागचा हलेना. तीनदा केलं. प्रायमर बदलून चौथ्यांदा केलं. ढिम्म.

का, ते नीट समजून घ्या. सहा अक्षरांचा मोटिफ 4096 जागांमागे एकदा नुसत्या योगायोगाने येतो, म्हणजे माणसाच्या जिनोममध्ये 7 लाखांच्या वर. त्यातल्या ज्या जागा उघड्या क्रोमॅटिनमध्ये (प्रोटीनांभोवती गुंडाळलेला डीएनए जिथे सैल असतो) आहेत तिथे प्रोटीन जाऊन टेकतं, काम असो वा नसो. चिप-सेकमध्ये पीक उदंड, धान्य मूठभर. त्यात लुसिफरेजचा प्लास्मिड म्हणजे पेशीत ढिगाने घुसलेल्या कॉपीज, त्यांच्यावर धड क्रोमॅटिनही नसतं, तिथे "करू शकतं" एवढंच कळतं, "करतं" हे नाही.

आणि जवळचा जीन तोच टार्गेट, हे कुणी सांगितलं? सॉनिक हेजहॉगचा हातापायांच्या वाढीतला एन्हान्सर त्या जीनपासून सुमारे 10 लाख बेस लांब, दुसऱ्याच एका जीनच्या इन्ट्रॉनमध्ये बसलाय. सॉफ्टवेअर सवयीने जवळच्या जीनचं नाव चिकटवतं आणि आपण ते डोळे झाकून एक्सेलमध्ये घेतो. त्या कॉलमवर विश्वास ठेवू नका, प्लीज.

बरं, घाबरू पण नका. आरएनए हलला नाही म्हणजे तुमचा हात वाईट असं नाही. कधी त्याच फॅमिलीतलं भावंड प्रोटीन जागा सांभाळून घेतं. कधी एमआरएनए इतका टिकाऊ असतो की ट्रान्सक्रिप्शन थांबलं तरी जुना साठा दिसत राहतो, अशा वेळी इन्ट्रॉनवर प्रायमर घेऊन ताजा, स्प्लाइस न झालेला आरएनए मोजा (डीएनेज ट्रीटमेंट आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल विसरलात तर जिनोमिक डीएनएच मोजत बसाल). उलटंही होतं, 72 तासांच्या नॉकडाऊननंतर भाराभर जीन बदलतात, त्यातले कितीतरी डायरेक्ट नसतातच. डिग्रॉन (प्रोटीनला जोडलेली, ते झटपट मोडायला लावणारी खूण) लावून प्रोटीन तासाभरात उडवता आलं तर सोनंच.

एक फुकटचा सल्ला, पीक बघून कौतुक करणाऱ्या गाईडपेक्षा "इनपुट कंट्रोल (अँटीबॉडीने न ओढलेला मूळ डीएनए) दाखव" म्हणून डोकं खाणारी पोस्टडॉक जवळ ठेवा. मला ती खडूस वाटायची.

तिच्याच सांगण्यावरून शेवटी क्रिस्परने तो मोटिफ जिनोममधूनच काढला. प्रमोटरवाला जीन जैसे थे, पण त्याच्या पलीकडचा तिसरा जीन निम्म्यावर आला. त्याचे प्रायमर तोवर मी मागवलेही नव्हते.