छोट्या दवाखान्यात डॉक्टरांचे आभार मानायचे तर

पाच-सहा जणांच्या दवाखान्यात डॉक्टरच मालक आणि पगार देणारेही तेच. म्हणून महागडी वस्तू दिली की त्यांना संकोच वाटतो, नाहीतर पगारवाढीची तयारी चालल्याचा संशय येतो. कार्ड बरं, आणि मेहनत घ्यायची ती त्यातल्या मजकुरावर.

प्रत्येकाने तीन-चार ओळी लिहाव्यात. 'तुम्ही फार चांगले आहात' हे कुणीही कुणालाही लिहितं, ते नको. एकच प्रसंग घ्या, डॉक्टर तेव्हा कसे वागले आणि त्यामुळे तुमचं काय सोपं झालं ते सांगा. उदाहरणार्थ: 'एकाच वेळेला मी दोघांना अपॉइंटमेंट दिली होती. पेशंटसमोर तुम्ही काही बोलला नाहीत, नंतर केबिनमध्ये वही कशी ठेवायची ते दाखवलंत. ती चूक पुन्हा झाली नाही.' पेशंटचं नाव, आजार, तारीख मात्र लिहू नका. कार्ड टेबलावर उघडं पडून राहतं, आणि एवढ्याशा खुणेवरूनही माणूस ओळखू येतो. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांचं बोलणं दुसऱ्याने उतरवून घ्यावं, पण भाषा सुधारू नये. नाहीतर सगळं कार्ड एकाच हातचं वाटतं.

वर्गणी ऐच्छिकच हवी. बंद पाकीट एक दिवस फिरवा, कुणी किती दिले याची यादी करू नका. सफाईच्या मावशी आणि नर्स यांचे पगार सारखे नसतात. एमआरकडून, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, तर एक पैसाही नको: औषध कंपनीचा पैसा मिसळला की भेट तुमची राहत नाही, वर डॉक्टर अडचणीत येतात.

वस्तू दवाखान्याला चालेल अशी हवी. उग्र वासाच्या फुलांनी दम्याच्या पेशंटला त्रास होऊ शकतो. रबरी फुगे लॅटेक्सचे असतात आणि काहींना त्याची ॲलर्जी असते, फॉइलचे घ्या. अंगठी, ब्रेसलेट नको, हात धुताना दरवेळी काढावं लागतं. आणि केक लसींच्या फ्रीजमध्ये ठेवायचा मोह आवरा! तिथलं तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस राखावं लागतं, दार सारखं उघडलं की ते वर जातं. खाण्याचे पदार्थ त्या फ्रीजमध्ये कधीच नाहीत.

शेवटचा पेशंट गेल्यावर लगेच घेरू नका. रिपोर्ट पाहणं, सह्या बाकी असतात. त्या उरकल्या की 10 मिनिटांत आटपा. इमर्जन्सी आली तर दुसरा दिवस. फोटो काढताना मागे केसपेपर किंवा चालू स्क्रीन दिसत नाही ना, ते बघा. दोन डॉक्टर भागीदार असतील तर दोघांनाही कार्ड द्या, एकालाच दिलेलं फार दिवस लक्षात राहतं.

रजा आणि पगाराचा विषय त्यानंतर पंधरा दिवस तरी काढू नका.