मुंबई ते रत्नागिरी, मधे एक रात्र: छोटी शिडाची होडी रात्रीच्या समुद्रातून कशी न्यावी

गेटवेपासून रत्नागिरी समुद्रमार्गाने साधारण 120 नॉटिकल मैल आहे. 28 ते 32 फुटी शिडाच्या होडीने सरासरी 5 नॉटचा (म्हणजे ताशी 5 नॉटिकल मैल) वेग राखला, तर हे अंतर 24 तासांचं. मधे एक रात्र येणारच. पहिल्यांदा रात्रभर जायचं असेल तर हा टप्पा चांगला, कारण वाटेत काही बिनसलं तर राजपुरीची खाडी आणि जयगड हे दोन भरवशाचे आडोसे मिळतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत इथे लाटांचा त्रास सहसा कमी असतो. रात्री खरा त्रास जाळ्यांचा आणि झोपेचा.

दिवस पंचांगात पाहा

हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, सूर्यास्तानंतर मंदावतो. मधे काही तास वारा पडतो आणि उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारा येतो. रत्नागिरीकडे जाताना यातला पहिला पाठीमागून आणि दुसरा डाव्या कुशीवर लागतो, दोन्ही सोयीचेच.

तिथी निवडायची तर शुक्ल त्रयोदशी. चंद्र पहाटे साडेचारच्या आसपासपर्यंत आकाशात असतो. शिवाय कोळ्यांचा जुना हिशेब लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे मुंबईतल्या पूर्ण भरतीची वेळ. 13 ची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पावणेदहाला भरती आणि चारच्या सुमाराला सुकती. दुपारी 12 ला नांगर उचलला की ओहोटीचा जोर बंदराबाहेर पडायला मदत करतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईतला भरती-ओहोटीतला फरक 4 ते 5 मीटर असतो, त्यामुळे ही मदत फुकट घालवू नका. हिशेब ढोबळ आहे. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा.

निघण्याआधी दोन दिवस हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा आणि हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज रोज पाहा. अंदाज 20 नॉटच्या वर असेल तर पुढच्या महिन्याची त्रयोदशी आहेच.

विजेचा आणि डिझेलचा हिशेब

100 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले 50 च वापरायचे असतात. चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारं यंत्र) 1 अँपिअर घेतो असं धरलं तर 24 तासांत 24 लागतात. व्हीएचएफ रेडिओ आणि आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस मिळून 19, डोलकाठीवरचा एलईडी दिवा रातभर 4, ऑटोपायलट 12 तास चालवला तर 18. बेरीज 65. पहाटे दिवे मंदावतात ते यामुळेच. एकतर दुसरी बॅटरी ठेवा, नाहीतर रात्रीचा बराच वेळ सुकाणू हातात धरा. दुसरा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. सुकाणू हातात असलेल्या माणसाला झोप कमी येते.

10 अश्वशक्तीचं इंजिन ताशी 2 लिटरच्या आत डिझेल खातं. निम्मा प्रवास इंजिनावर होईल असं धरून 24 लिटर आणि वर तेवढ्याच्या निम्मं राखीव. पिण्याचं पाणी माणशी 4 लिटर, शिवाय 10 लिटरचा एक कॅन वेगळा बांधून ठेवा.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय बरोबर घेऊ नका, भारतात ते बेकायदा आहे. व्हीएचएफ चॅनल 16 वर चालू ठेवा. मोबाइलला रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 चालतो. होडीची नोंदणी आणि सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा, गस्ती नौका मागू शकते.

उजेड आहे तोवर उरकायचं

प्रोंग्जचं दीपगृह आणि बंदराबाहेर नांगरलेली जहाजं मागे टाकून खांदेरीच्या बाहेरून जा. खांदेरीवरचं कान्होजी आंग्रे दीपगृह तीनच्या सुमाराला आडवं येईल. तिथून हळूहळू किनाऱ्यापासून 10 मैलांवर सरका. रायगडच्या किनाऱ्याजवळ खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, ती टळतात. फार बाहेर, 25 मैलांवर गेलात तर मतलई वाऱ्याचा भरवसा नाही.

जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. साडेपाचपर्यंत मुख्य शीड एका रीफने (खालचा पट्टा गुंडाळून) लहान करा, वारा कमी असला तरी. वेग अर्ध्या नॉटने घटेल, पण मध्यरात्री हलत्या डेकवर पुढे जाऊन हेच काम करणं धोक्याचं. वारा मागून असल्याने बूम (मुख्य शिडाखालची आडवी दांडी) अचानक दुसऱ्या बाजूला फिरून डोक्यात बसू शकतो; म्हणून बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत दोर, म्हणजे प्रिव्हेंटर, ताणून बांधा. डेकच्या दोन्ही कडांनी हार्नेस अडकवायला सुरक्षापट्टे ताणा. जेवण अंधाराआधी. उलटीची गोळी घेणार असाल तर आधी जमिनीवर एकदा घेऊन पाहा, काहींना ती गाढ झोपवते.

पाळ्या

दोघं असाल तर 3-3 तास. पाळीवरच्या माणसाने कॉकपिटमध्येही हार्नेस अडकवलेला हवा आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट सोडायचं नाही, लघवीसाठीसुद्धा. दर 10 मिनिटांनी उभं राहून सगळं क्षितिज फिरून पाहा, शिडाआडचं खाली वाकून. दूरवर दिसलेलं मोठं जहाज तुमच्यापर्यंत यायला कधी कधी 15 ते 20 मिनिटंच लागतात. त्याची दिशा होकायंत्रावर दर 3 मिनिटांनी घ्या. आकडा बदलत नसेल आणि दिवा मोठा होत असेल तर टक्कर ठरलेली. तुम्ही लवकर आणि ठळकपणे वळा.

वारा पडला की बूम मध्यावर घट्ट बांधा, नाहीतर लाटांवर आपटून शिवणी उसवतात. मतलई आला की शीड उजवीकडे जाईल, प्रिव्हेंटरचा दोर त्याआधी सोडा.

जाळी

नियमाप्रमाणे ट्रॉलरवर पांढऱ्याच्या वर हिरवा आणि इतर मासेमारी नौकेवर पांढऱ्याच्या वर लाल दिवा असतो. प्रत्यक्षात लुकलुकणारे निळे-जांभळे दिवेही दिसतात, त्यावरून काही ठरवू नका. थांबलेली होडी आणि तिच्यापासून लांब एकटाच झेंडा किंवा बारीक दिवा असेल तर मधे जाळं आहे असंच समजा आणि दोघांच्या मधून जाऊ नका. कोणी तुमच्यावर बॅटरी मारून हलवली तर तो चिडलेला नाही, जाळं दाखवतोय. वेग कमी करा, तो बॅटरी वळवेल तिकडून जा.

होड्यांच्या घोळक्यात इंजिन बंद, शिडावरच जा. तरी पंख्यात दोर अडकलाच तर लगेच न्यूट्रल करा. उलटं फिरवून सोडवायला गेलात तर दोर शाफ्टवर आणखी आवळतो आणि सील फाटतं. शिडं उतरवा, पाणी 20 मीटर असेल तर 100 मीटर दोर सोडून नांगर टाका. रात्री पाण्यात उतरू नका. उजाडल्यावर दातेरी सुरीने काम होतं.

पोचताना

साडेसहाला मुरुड-जंजिऱ्याच्या अलीकडे, मध्यरात्री बाणकोटच्या आसपास आणि उजाडताना जयगडच्या अलीकडे असा अंदाज ठेवा. दोन तासांहून जास्त मागे पडलात किंवा दोघंही पेंगुळलात, तर जयगडला आत शिरा आणि झोपा. वाटेतल्या वाळूचे बांध असलेल्या खाड्यांमध्ये अंधारात शिरू नका. रत्नदुर्गावरचं दीपगृह दिसलं की इंजिन गरम करून घ्या, नांगर मोकळा करा, मिरकरवाड्यातून बाहेर पडणाऱ्या ट्रॉलरना वाट द्या. आणि नांगर धरला की झोपण्याआधी घरी फोन करा. पोचल्याचं कळलं नाही, तर किनाऱ्यावरची माणसं 1554 लावतील.